साडूभाऊंचा चिपसेट

फॅमिली ग्रुपवर शेखरदाजींनी स्पीड टेस्टचा फोटो टाकला, तेव्हा रणजीत चाकणच्या कंपनीतली शिफ्ट संपवून बसमध्ये पेंगत होता. फोटोतला काटा पार उजवीकडे जाऊन टेकला होता आणि खाली दाजींनी लिहिलं होतं, 'घरच्या लिनक्सवर. वायर न लावता.' त्याच्याखाली रणजीतच्या बायकोनं, मंजुषानं, टाळ्या वाजवणारे हात टाकले होते. एक नाही, ओळभर. रणजीतची झोप जी उडाली ती पिंपळे गुरवला घरी पोचेपर्यंत काही परत आली नाही.

शेखर म्हणजे मंजुषाच्या थोरल्या बहिणीचा, तेजस्विनीचा, नवरा. हिंजवडीत आयटीत मोठ्या हुद्द्यावर. आता साडू हे नातंच मोठं अवघड. भावाशी भांडता येतं, मित्राला शिव्या घालता येतात, साडूचं मात्र तोंड भरून कौतुक करावं लागतं आणि तेही बायकोच्या देखत. दाजींनी गाडी घेतली, छान. दाजींनी गच्चीवर बाग केली, छान. दाजींनी वजन कमी केलं, तेव्हा तर मंजुषानं रणजीतच्या पोटाकडे असं काही पाहिलं होतं की त्यानं हातातली भाकरी परत टोपलीत ठेवली. आणि आता हे लिनक्स. लिनक्स म्हणजे काय हे रणजीतला नीट माहीत नव्हतं, पण दाजींकडे आहे म्हटल्यावर ते आपल्याकडेही असलं पाहिजे, एवढं त्याला पक्कं कळलं.

कंपनीच्या भंगाराच्या लिलावात त्यानं एक जुना कॉम्प्युटर आणि भला थोरला स्क्रीन घेतला. कासारवाडीच्या अझहरच्या दुकानात त्यावरचं विंडोज काढून लिनक्स टाकून घेतलं. जुन्या डब्यावर हेच पळतं, असं अझहर म्हणाला आणि रणजीतला ते ऐकून बरं वाटलं. पण खरी कमाल त्यानं पुढे केली. रणजीतची कंपनी पॅनल बनवायची, म्हणजे मोठमोठ्या मशीनची बटणं आणि वायरी ज्यात बसवतात ती लोखंडी कपाटं. तिथला तो पॅनल शॉपचा जुना हात. साहेबांची परवानगी काढून त्यानं उरलेल्या जाड पत्र्यातून कॉम्प्युटरसाठी एक कपाट तयार केलं. पावडर कोटिंगचा चकचकीत रंग दिलेलं, दाराला चारी बाजूंनी फट बुजवणारी पट्टी, मागे बारीक जाळीआड पंखा, खाली एक कप्पा आणि वर कुलूप. धुळीचा कण आत जाणार नाही असं कपाट. त्यावरून बोट फिरवताना रणजीतला स्वतःच्या लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं इतकं कृतार्थ वाटलं.

मंजुषानं ते पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे. पण नेट?"

नेटचा डबा बाहेरच्या हॉलमध्ये होता आणि कॉम्प्युटर आतल्या खोलीत. मधून वायर टाकायची म्हटलं तर मंजुषाचे वडील अर्जुनराव लवकरच राहायला येणार होते. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात वॉकर. वायरीत वॉकर अडकून म्हातारा पडला तर सासरची माणसं आयुष्यभर बोलतील. तेव्हा कॉम्प्युटरला बिनवायरीचं नेटवर्क कार्ड घ्यायचं ठरलं, आणि इथून रणजीतचे दिवस फिरले.

पहिलं कार्ड त्यानं अझहरला न विचारताच घेतलं, नखाएवढं, मागे खुपसायचं. लिनक्सनं त्याची ओळखच दाखवली नाही. रणजीतनं इंटरनेटवर बघून बघून अनोळखी हुकूम टाइप केले, रविवार पूर्ण त्यात घातला, आणि त्यातून निष्पन्न एवढंच झालं की कॉम्प्युटरचा आवाज गेला. तो अझहरनं परत आणला. पण दरम्यान मंजुषानं नवऱ्याच्या काळजीपोटी फॅमिली ग्रुपवर लिहून टाकलं, 'दाजी, आमच्या ह्यांना कार्ड जमत नाहीये, तुमचं कुठलं आहे?' रणजीतनं ते वाचलं आणि त्याची कानशिलं गरम झाली. दाजींचं उत्तर आलं, 'चिपसेट बघून घ्या, साडूभाऊ.' आणि पुढे एक अंगठा.

त्या अंगठ्यानं रणजीतच्या अंगाचा तिळपापड झाला. कार्डाचं नाव सांगायला काय जात होतं? पण नाही, शिकवायचं.

पुढच्याच आठवड्यात दाजींकडे सत्यनारायण होता. अर्जुनराव तेव्हा त्यांच्याचकडे मुक्कामाला होते. कथा चालू असताना रणजीत मोबाइल चार्ज करायचं निमित्त करून आतल्या खोलीत गेला आणि दाजींच्या टेबलाखाली गुडघ्यावर रांगत शिरला. कॉम्प्युटरच्या पाठीमागे चिकटवलेलं कार्डाचं नाव त्यानं मान वाकडी करून वाचलं, पुन्हा वाचलं, पाठ केलं. बाहेर येतो तो दारात सासरे वॉकर धरून उभे.

"जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "तीर्थ तिकडं हाय."

रणजीतनं तीर्थही घेतलं आणि प्रसादही घेतला, आणि घरी जाताना रस्त्यातच त्या नावाचं कार्ड मागवलं. कार्ड आलं. डबा तोच, नाव तेच, आकडा तोच. चालेना. अझहरनं ते हातात घेऊन उलटसुलट केलं, बारीक अक्षरं वाचली आणि मान हलवली.

"रणजीतभाई, डबा तोच आहे, आतला माल बदललाय. कंपनीनं नवीन व्हर्जनमध्ये चिप दुसरी टाकली. लिनक्सला ती नाही चालत. चिपसेट बघून घ्यायचा ना."

हेच वाक्य दुसऱ्यांदा ऐकून रणजीतला रडू यायचं बाकी राहिलं. मग मात्र त्यानं अझहरपुढे शरणागती पत्करली. अझहरनं शोधून बरोब्बर चिपचं कार्ड आणलं, कॉम्प्युटर उघडून आत बसवायचं, मागे दोन अँटेना. दुकानातल्या टेबलावर ते असं पळालं की काटा दाजींच्या काट्यापेक्षाही पुढे गेला. रणजीतनं त्याचा फोटो काढला आणि भान सुटून तिथेच ग्रुपवर लिहिलं, 'निघोज्याच्या यात्रेचे बैलगाडे मामा यंदा आमच्याकडे बघणार. मोठ्या स्क्रीनवर.'

आता ही साधी गोष्ट नव्हती. मामा म्हणजे सासरे अर्जुनराव, आणि ते निघोज्याचे. त्यांचा पाखऱ्या नावाचा बैल, आणि यात्रेच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, त्यांचा गाडा दरवर्षी पळायचा. यंदा गुडघ्यामुळे म्हातारबांना घाटात जाता येणार नव्हतं. मोबाइलवर लाइव्ह दिसायचं, पण मोतीबिंदूच्या डोळ्यांना त्यात बैल कुठला आणि माणूस कुठला हे कळत नव्हतं. मागे दुसऱ्या एका गावच्या यात्रेचे गाडे त्यांनी दाजींच्या स्क्रीनवर पाहिले होते आणि तेव्हापासून येईल त्याला सांगत होते, "शेखररावांकडं बैलाच्या पायाचा धुराळा बी दिसला." तो धुराळा रणजीतच्या डोळ्यांत रोज जात होता. स्वतःच्या पाखऱ्याची बारी, म्हणजे पळायची पाळी, मात्र म्हातारा आपल्या घरी बघणार, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती. ती आता चारचौघांत जाहीर झाली होती.

घरी आणून त्यानं कॉम्प्युटर कपाटात ठेवला, दार लावलं, कुलूप घातलं आणि मग मेन बटण दाबलं. वीस वर्षांची सवय होती ती. पॅनलचं दार उघडं ठेवून सप्लाय द्यायचा नाही, हे त्यानं किती नव्या पोरांना ओरडून शिकवलं होतं आणि त्याबद्दल कंपनीनं त्याला सेफ्टीचं बक्षीसही दिलं होतं. स्क्रीन लागला. नेट नाही. रणजीतनं पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं, गणपतीला हात जोडले. नाही. कॉम्प्युटर परत स्कूटरवर घालून कासारवाडीला नेला. दुकानात पळाला. घरी आणला, कपाटात ठेवला, मेला. अझहरनं तीन अँटेनांचं, त्याहून ताकदवान कार्ड बसवून दिलं. दुकानात पळालं, घरी मेलं.

"रणजीतभाई," अझहर अगदी गंभीरपणे म्हणाला, "आता एकच राहिलं. घर बदला."

यात्रेच्या आदल्या संध्याकाळी दाजी सासऱ्यांना घेऊन आले. अर्जुनरावांना आतल्या खोलीत पलंगावर बसवलं. रणजीतनं उत्साहानं कार्डाचा रिकामा डबा दाखवला, त्यावर तीन अँटेनांचं चित्र होतं. म्हाताऱ्यानं तो डोळ्यांजवळ धरला.

"शिंगं चांगली हाईत," ते म्हणाले. "पर पळतं का?"

रणजीतनं डबा परत घेतला. दाजी तिकडे कपाटासमोर उभे राहून त्याच्यावर बोटांनी टकटक करत होते. दार उघडून बघितलं, लावून बघितलं, कुलपाची किल्ली फिरवून बघितली. रणजीतला वाटलं, हसतायत मनातल्या मनात. जाताना त्यांनी नेट कसं आहे विचारलंच, आणि रणजीत एकदम फर्स्ट क्लास म्हणाला. खोटं बोलताना त्याचा आवाज जरा जास्तच मोठा झाला.

सकाळ झाली. घाट सुरू झाला. स्क्रीनवर गोल फिरणारं चक्र, दुसरं काही नाही. रणजीत कीबोर्डवर घाम गाळत होता. मंजुषा दोनदा मोबाइल पुढे करून गेली, पण मोबाइलवर दाखवायचं तर मामा निघोज्यातच बसले असते, असं म्हणून त्यानं तो परत पाठवला. अर्जुनराव एकटक चक्राकडे बघत होते.

"शेखररावांकडं जायला किती येळ लागंल?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात मंजुषा आत आली. नवऱ्यानं सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब घातला नाही, हे तिला बघवेना. यात्रेसाठी तिनं बेसनाचे लाडू केले होते आणि वडिलांची शुगर वाढलेली असल्यामुळे डबा घरातल्या एकमेव कुलुपाच्या जागी, म्हणजे कॉम्प्युटरच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात लपवला होता. वडिलांकडे पाठ करून तिनं हळूच कपाट उघडलं आणि डब्याचं झाकण काढलं.

स्क्रीनवर धाडकन घाट उभा राहिला. माणसांचा समुद्र, फेटे, आणि निवेदकाचा घसा फाटलेला आवाज, "भिर्रर्र!"

रणजीत खुर्चीतून उठलाच. कार्ड लागलं. तीन अँटेना होत्याच तशा. तो सासऱ्यांना चिपसेट म्हणजे काय हे समजावून सांगायला लागला. मंजुषानं एक लाडू त्याच्या हातात दिला, कपाट लावलं, किल्ली कमरेला खोचली. घाट गोठला. चक्र फिरायला लागलं.

"लाडू हाय व्हय?" अर्जुनरावांना वास लागला होता.

"अण्णा, तुमच्यासाठी नाहीत. आणि संपलेत."

"बघू संपलेत का."

संपले नाहीत तरी उरलेत किती, हे दाखवून वाद मिटवायला तिनं पुन्हा दार उघडलं. भिर्रर्र. तिनं दार लावलं. चक्र. अर्जुनराव म्हणाले, नीट दिसलं न्हाई, मोतीबिंदू हाय. तिनं वैतागून परत उघडलं. भिर्रर्र.

रणजीतच्या हातातला लाडू तसाच राहिला. त्यानं दाराकडे पाहिलं. मग पट्टीकडे, मग आपल्या हातानं वाकवलेल्या त्या जाड, सुंदर पत्र्याकडे. कंपनीत पॅनल टेस्टिंगची लोखंडी केबिन होती, आणि तिचं दार लावलं की आतल्या प्रत्येकाचा फोन कट व्हायचा. पोरं बोलायला बाहेर पळायची. हे तो वर्षानुवर्षं बघत होता, त्यावरून त्यांना ओरडत होता. आणि घरी त्यानं तीच केबिन बनवून, पावडर कोटिंग करून, आत कार्डामागून कार्ड कोंडलं होतं. त्याला कुणीतरी कानाखाली वाजवावी असं मनापासून वाटलं.

"दार उघडंच ठेव," तो मंजुषाला हळू आवाजात म्हणाला.

"मग डबा काढून घेते." ती वाकली.

"डबा हलवू नको पोरी," पलंगावरून हुकूम आला. "रेंज जाईल."

मंजुषानं नवऱ्याकडे पाहिलं. डब्याचा आणि रेंजचा काडीचा संबंध नाही, हे रणजीतला स्वच्छ कळत होतं. पण पाखऱ्याची बारी आता तोंडावर आली होती आणि म्हाताऱ्यानं दाजींच्या घराचं नाव काढलेलं अजून कानात होतं.

"राहू दे," रणजीत म्हणाला. "रिस्क नको."

पुढचा सगळा वेळ अर्जुनराव उघड्या कपाटाला खेटून खुर्ची टाकून बसले. प्रत्येक चांगल्या बारीनंतर त्यांचा हात खालच्या कप्प्यात जायचा. मंजुषा डोळे मोठे करायची. ते म्हणायचे, डबा जागेवर हाय का बघतोय. शेवटी पाखऱ्याचा गाडा निशाणाला लागला. गाडा सुटला, आणि बघता बघता घाट चढून पार झाला. निवेदकानं सेकंद सांगितले आणि म्हाताऱ्यानं वॉकर विसरून उभं राहायचा प्रयत्न केला. दोघांनी धरून बसवलं, तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पायातला धुराळा दिसला, रणजीतराव," ते म्हणाले. "पाखऱ्याच्या पायातला."

रणजीतला काय वाटलं ते काय सांगावं. आजवर सासऱ्यांनी त्याला जावईबापू म्हटलं होतं, कधी चुकून शेखररावसुद्धा म्हटलं होतं. रणजीतराव आज पहिल्यांदा.

संध्याकाळी दाजी हजर. तोवर कॉम्प्युटर बंद होता आणि मंजुषानं उरलेल्या दोन लाडवांसकट कपाट लावून टाकलं होतं. अर्जुनरावांनी बारीचं वर्णन केलं, शेखररावांपेक्षा भारी दिसलं असंही सांगितलं. दाजींचा चेहरा उतरला. चहा झाला तरी ते उठेनात. मग हळूच रणजीतला बाल्कनीत घेऊन गेले.

"साडूभाऊ, एक मागू? मला तसलं कपाट बनवून द्या."

"तसलं? लोखंडी?" रणजीतनं विचारलं.

"अण्णा महिनाभर आमच्याकडे होते ना," दाजी रेलिंगकडे बघत म्हणाले. "मंजुषानं फोनवर कपाटाचं सांगितलं, तेव्हापासून रोज एकच. रणजीतनं स्वतःच्या हातानं कपाट केलंय, पत्रा कसा वाकवलाय, तुम्हाला काय येतं हातानं? आता तेजूपण तेच म्हणायला लागली. खरं सांगू, वैताग आलाय. तो कॉम्प्युटरसुद्धा ऑफिसातला माणूस येऊन बसवून गेला हे अण्णांनी बघितलंय."

रणजीतच्या छातीत काहीतरी गोड वितळलं. इतके दिवस ज्या माणसावर आपण जळत होतो, तो महिनाभर आपल्यावर जळत होता. केवढी भरपाई. त्याला दाजींची एकदम माया आली. खरं सांगून टाकावं, म्हणावं की दाजी, कपाट नका घेऊ, रेंज मरते त्यात. त्यानं तोंड उघडलंही.

"आणि नेट चाललं ना शेवटी?" दाजी त्याच्या खांद्यावर थोपटत म्हणाले. "मी सांगितलंच होतं. चिपसेट बघून घ्यायचा."

रणजीतनं तोंड मिटलं.

"रंग कुठला देऊ?" त्यानं विचारलं.

कपाट दिवाळीच्या आत दाजींकडे पोचलं. पत्रा आणखी जाड, दाराला दुहेरी पट्टी. खालचा कप्पा अर्जुनरावांनी फोन करून मुद्दाम ठेवायला लावला होता. मग काही दिवस ग्रुपवर शांतता होती. आणि एका रविवारी दाजींचा मेसेज आला, 'साडूभाऊ, दोन नवीन कार्डं आणली तरी रेंज धरत नाही. तुमचं कुठलं आहे?'

मंजुषा शेजारीच होती. रणजीतनं खरं उत्तर लिहिलं, पुसलं, परत अर्धं लिहिलं. तिनं त्याच्या हातातून मोबाइल घेतला. आता ही सगळं सांगून टाकणार, असं वाटून त्यानं डोळे मिटले. मोबाइल परत आला तेव्हा त्याच्या नावानं ग्रुपवर गेलं होतं, 'चिपसेट बघून घ्या, दाजी.' आणि पुढे एक अंगठा. रणजीतनं बायकोकडे पाहिलं. ती निवांत भाजी निवडत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही बाई आपल्या बाजूची आहे हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि दुपारभर तो उगाचच घरात गुणगुणत फिरला.

संध्याकाळी तेजस्विनीनं फोटो टाकला. अर्जुनराव परत तिकडे राहायला गेले होते. दाजींचं कपाट सताड उघडं, स्क्रीनवर कुठल्यातरी घाटाचे गाडे, आणि कपाटाला खेटून म्हातारबा, हातात लाडू. खाली दाजींचा मजकूर, 'झालं चालू. अण्णा म्हणाले डबा आत ठेवून दार उघडं ठेवा. नेट बुलेट. चिपसेट मुळात चांगलाच होता.'

रणजीतचं गुणगुणणं थांबलं. मंजुषानं फोटो बोटांनी मोठा केला, लाडवापर्यंत नेला आणि बराच वेळ निरखून पाहिला.

"ताईनं काजू घातलेत," ती म्हणाली. "बेदाणेपण."

रणजीत उठला. आपल्या कपाटाजवळ गेला, दार उघडलं, खालच्या कप्प्यातला डबा बाहेर काढून उघडून बघितला. साधे बेसनाचे.

"पिशवी दे," तो पायात चप्पल सरकवत म्हणाला. "आणि बदाम आणू की पिस्ते, ते सांग."